सरखेलांचा शिक्का आणि करवीरचा समुद्र

समुद्रावर राज्य कसे राखावे, याविषयी मराठीतले सर्वांत नेमके प्रकरण करवीर राज्यात, घाटमाथ्यावर लिहिले गेले. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१६ च्या सुमाराचे. राजा, प्रधान, वतनदार, दुर्ग यांच्याविषयी लिहून झाल्यावर पंत आरमाराकडे वळतात आणि आरमार हे राज्याचे एक स्वतंत्रच अंग आहे, असे बजावतात. घोडदळाच्या जोरावर जशी जमीन ताब्यात राहते, तसा आरमाराच्या जोरावर समुद्र, हा त्यांचा मूळ सिद्धांत. पंतांना समुद्र परका नव्हता. अमात्यांचे ठाणे गगनबावड्याला, आणि बावड्याचा घाट उतरला की खारेपाटण, पुढे वाघोटनची खाडी, खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग. हे प्रकरण लिहिले गेले तेव्हा मात्र विजयदुर्गावर करवीरचा हुकूम चालत नव्हता. मराठ्यांचा सर्वांत मोठा आरमारी सेनानी, सरखेल कान्होजी आंग्रे, दोनच वर्षांपूर्वी करवीरची बाजू सोडून साताऱ्याच्या शाहू महाराजांना मिळाले होते. कान्होजींवर आजवर दोन आरोप होत आले आहेत. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटले, आणि आपल्याकडे, विशेषतः करवीरच्या बाजूने विचार करणाऱ्यांनी, ताराबाईंना ऐनवेळी सोडून जाणारा सरदार म्हटले. मला दोन्ही आरोप टिकण्यासारखे वाटत नाहीत. त्यांच्या कारकिर्दीत खरी उणीव होती ती तिसरीच, आणि ती ओळखण्याचे माप करवीरच्या या ग्रंथातच सापडते.

आंग्र्यांचे मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडीवरून आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. सुवर्णदुर्गाला जंजिऱ्याच्या सिद्दीचा वेढा पडला आणि किल्लेदार किल्ला देऊन टाकण्याच्या बेतात आला, तेव्हा तरुण कान्होजींनी त्यालाच कैद करून किल्ला लढवला, अशी परंपरेने आलेली हकिकत आहे. तिचा तपशील जसा असेल तसा असो, पण औरंगजेबाच्या स्वारीच्या त्या वर्षांत राजधानी रायगडाहून जिंजीला गेली, संभाजी महाराज गेले, तरी किनाऱ्यावरचे किल्ले मराठ्यांच्या हातून एकदम सुटले नाहीत. यात सिधोजी गुजर आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले कान्होजी यांचा वाटा मोठा. १६९८ च्या सुमारास सिधोजींच्या पश्चात आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली. राजाराम महाराजांनंतर ताराबाईंनी सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. त्या काळात घाटाखालचा मुलूख सांभाळणारा, पैसा उभा करणारा आणि सिद्दीला जखडून ठेवणारा माणूस म्हणजे कान्होजी. त्यांची सरखेली एखाद्या धाडसी खलाशाने स्वतःच घेतलेली पदवी नव्हती. छत्रपतींच्या गादीने ती दिली होती.

म्हणूनच चाचेपणाच्या आरोपाची तपासणी शिक्क्यापासून करावी लागते. कान्होजींच्या टापूतून जाणाऱ्या जहाजाने त्यांचे दस्तक घ्यावे, ठरलेली जकात भरावी, मग त्याला कोणी हात लावणार नाही. दस्तक नसेल तर जहाज धरले जाईल. ही रीत त्यांनी शोधून काढलेली नव्हती. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज हेच करत आले होते. त्यांचा कार्ताझ नसलेले जहाज अरबी समुद्रात दिसले की ते जप्त करण्याचा हक्क आपल्याला आहे, असे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले होते, आणि गुजरातच्या सुलतानापासून मोगलांपर्यंत सगळ्यांना तो कागद घ्यावा लागत होता. इंग्रज कंपनीही आपले पास देई. मग लिस्बनचा कागद दाखवायला लावणे हे राज्य, मुंबईचा कागद दाखवायला लावणे हा व्यापार, आणि कुलाब्याचा कागद दाखवायला लावणे तेवढी चाचेगिरी, हे कोणत्या न्यायाने? समुद्र सर्वांचा आहे असे म्हणणाऱ्याने कार्ताझही नाकारायला हवा होता.  भांडण कागद असावा की नसावा याचे नव्हतेच. कागदावर शिक्का कोणाचा, एवढ्यापुरतेच ते होते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. १७१२ च्या नोव्हेंबरात कान्होजींच्या गलबतांनी मुंबईच्या गव्हर्नरचे सशस्त्र जहाज पकडले. त्यावर कारवारच्या वखारीचा प्रमुख टॉमस चाऊन होता. तो लढाईत मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैदेत पडली. पुढच्या वर्षी ३०,००० रुपये घेऊन तिला सोडण्यात आले. स्त्रीला ओलीस ठेवून पैसे घेणे शिवाजी महाराजांच्या रिवाजात बसत नाही, आणि मी त्याचे समर्थन करणार नाही. पण त्या एका खंडणीवरून माणूस चाचा ठरत असेल, तर युद्धकैदी सोडताना दंड घेणाऱ्या त्या काळच्या प्रत्येक सत्तेला तोच शब्द लावावा लागेल. दुसरा आक्षेप असा की १७१३ चा तह झाल्यावरही कान्होजींनी इंग्रजांची जहाजे पकडली. इथे वाद होता तो इंग्रज जहाज कशाला म्हणायचे याचा. तह कंपनीच्या जहाजांना लागू होतो, असे कान्होजींचे म्हणणे. मुंबईच्या आश्रयाला असलेल्या कोणत्याही व्यापाऱ्याचा माल आमच्या निशाणाखाली गेला की तोही आमचाच, असे कंपनीचे. कान्होजींनी ते मान्य केले असते तर मुंबईचा पास घेऊन सगळा किनारा त्यांच्या जकातीतून सुटला असता. आपला महसूल वाचवणाऱ्या कोणत्याही राज्यकर्त्याने हीच हरकत घेतली असती. पुढे १७२४ मध्ये गव्हर्नर फिप्सशी झालेल्या पत्रव्यवहारातही त्यांचा सूर राज्यकर्त्याचाच आहे. लुटीचे राज्य टिकत नाही, असा उपदेश फिप्सने केला. त्यावर, जगात राज्ये एकाकडून दुसऱ्याकडे अशीच जातात, आणि व्यापारी म्हणवणारेही त्या लोभापासून मोकळे नाहीत, असे उत्तर गेले.

खरे चाचे त्या समुद्रात होतेच. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रजाने औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे यात्रेकरूंचे जहाज लुटले, आणि त्याचा भुर्दंड सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांना कैदेत राहून भरावा लागला. विल्यम किड याच सुमारास आपल्या किनाऱ्यावर फिरत होता. १७०१ मध्ये त्याला लंडनला फाशी झाली. या लोकांना किनारा नव्हता, रयत नव्हती, किल्ला नव्हता, तह करायला कोणी मालक नव्हता. लुटायचे आणि मादागास्करला जाऊन दडायचे, हा त्यांचा धंदा. कान्होजींपाशी कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग अशी ठाणी होती, त्यामागे वसुलाचा मुलूख होता, आणि त्यांच्याशी वेगवेगळ्या वेळी मुंबईचे इंग्रज, गोव्याचे पोर्तुगीज आणि साताऱ्याचे छत्रपती यांनी लेखी करार केले. चाच्याशी कोणी तह करत नाही. १७२१ मध्ये कमोडोर टॉमस मॅथ्यूज चार राजेशाही युद्धनौका घेऊन आला, तो मूळ मादागास्करच्या गोऱ्या चाच्यांच्या बंदोबस्तासाठी. मुंबईला येऊन त्याने त्या तोफा कुलाब्यावर रोखल्या.

त्या तोफांपुढे मराठी आरमार टिकले कसे, हे जहाजांच्या बांधणीवरून समजते. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचे, उथळ तळाचे जहाज. त्याची नाळ पुढे लांबट आणि सखल, आणि तिच्या मागच्या भिंतीतून दोन मोठ्या तोफांची तोंडे थेट समोर निघालेली. इंग्रजी जहाजाची ताकद त्याच्या कुशीत. तोफांची रांग शत्रूकडे करून मारा करायचा, ही त्याची पद्धत. म्हणून आंग्र्यांच्या गुराबी कुशीसमोर जातच नसत. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते गुराबीला दोर बांधून ओढत नेत आणि शत्रूच्या पिछाडीला आणून सोडत, जिथे त्याच्या तोफा फारशा पोचत नाहीत. तिथून नाळेच्या तोफांनी शिडे आणि डोलकाठ्या तोडायच्या, आणि जहाज लुळे पडले की गलबतांतून माणसे वर चढवायची. वारा उठला आणि बाजू उलटू लागली की उथळ खाडीत शिरायचे. मोठ्या जहाजाचा तळ तिथे टेकतो. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडक फोडून केलेली आरमारी गोदी आजही दिसते. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला कोरड्यावर तळ दुरुस्त करायचा. आज्ञापत्रात हेच शहाणपण नियमाच्या भाषेत येते: वारा पाहून लढाई द्यावी, प्रतिकूल असेल तर किल्ल्याच्या आश्रयाला यावे, शरण आलेल्या शत्रूच्या जहाजालाही एकदम जवळ जाऊ नये. या ओळी लिहिताना पंतांसमोर कोणाची उदाहरणे असतील, याचा तर्क करणे अवघड नाही.

इंग्रजांच्या स्वाऱ्या एकामागून एक फसल्या. १७१५ च्या अखेरीस गव्हर्नर म्हणून आलेल्या चार्ल्स बूनने मुंबईभोवती तट उभारला, लढाऊ जहाजे बांधली. १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी, १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. शेवटच्या स्वारीसाठी त्याने ‘फ्राम’ नावाची जाड भिंतींची तरती तोफगाडीच तयार करवली होती. किल्ल्यासमोर नेल्यावर तिच्या तोफांना हवी तेवढी उंची मिळेना. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून सुमारे ६,००० माणसे कुलाब्यावर चालून आली. ही वेळ खरोखर कठीण होती. ती टळली ती एकट्या आरमाराने नाही. शाहू महाराजांनी पाठवलेले घोडदळ, पिलाजी जाधव आणि पाठोपाठ बाजीराव, अलिबागेच्या मैदानात उतरले आणि पोर्तुगीजांची फळी फुटली. १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी स्वतंत्र तह करून टाकला. मॅथ्यूज हात हलवत गेला. हाच मॅथ्यूज पुढे ॲडमिरल झाला आणि १७४४ च्या तूलोंच्या लढाईनंतर लष्करी न्यायालयापुढे उभा राहून बडतर्फ झाला.

कुलाब्याच्या या प्रसंगातच दुसऱ्या आरोपाचे उत्तर आहे. शाहू महाराज १७०७ मध्ये सुटून आल्यावर खेडच्या लढाईत धनाजी जाधव त्यांना मिळाले. मग एकेक सरदार तिकडे गेला. ताराबाईंनी पन्हाळ्यावर करवीरची वेगळी गादी उभी केली. कान्होजी मात्र खेडच्या लढाईनंतरही सहा वर्षे ताराबाईंच्याच बाजूला राहिले. १७१३ मध्ये त्यांच्यावर चालून आलेल्या बहिरोपंत पिंगळे पेशव्यांनाच त्यांनी पकडून लोहगडावर ठेवले, आणि साताऱ्यावर चाल करण्याची धास्ती निर्माण केली. म्हणजे ते हरलेल्या बाजूकडून जिंकणाऱ्या बाजूकडे पळाले नाहीत. वरचढ असताना बोलणीला बसले. समोर होते श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ, ज्यांच्या घराण्याला सिद्दीच्याच जाचाने गाव सोडावे लागले होते. १७१४ च्या आरंभी लोणावळ्याजवळ वळवणला तह झाला. कान्होजींनी पिंगळ्यांना सोडले, शाहूंना छत्रपती मानले. त्या बदल्यात सरखेली आणि किनाऱ्यावरचे किल्ले व मुलूख त्यांच्याकडे कायम झाला, आणि सिद्दीशी दोघांनी मिळून लढायचे ठरले. करवीरच्या बाजूने पाहता हा घाव मोठाच होता. त्याच साली राजसबाईंच्या गटाने ताराबाईंना आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकून राजसबाईंचे पुत्र, दुसरे संभाजी महाराज, यांना गादीवर बसवले. ताराबाईंनी आपला सरखेल आणि आपले राज्य एकाच वर्षात गमावले. त्या बाईंच्या कर्तबगारीविषयी मला वाटणारा आदर हे लिहिताना अडवतो, तरी सांगायला हवे की कान्होजींचा हिशेब भूगोलाचा होता. विजयदुर्गाची पाठ बावड्याच्या आणि फोंड्याच्या घाटाने करवीरकडे जाते. पण कुलाबा आणि खांदेरीची पाठ राजमाची-लोहगडाला, म्हणजे पुण्याच्या वाटांना लागते. मुंबई, जंजिरा आणि चौल हे तिन्ही शत्रू कुलाब्याच्या टप्प्यात. समुद्री किल्ल्यावर जमिनीकडून हल्ला झाला तर मदतीचे घोडदळ कुठून उतरणार? १७१४ नंतरच्या पन्हाळ्यावर दरबारच दुभंगलेला होता. घरचे भांडण सोडून बोरघाट उतरून अलिबागेपर्यंत फौज पाठवणे त्याला शक्यच नव्हते. १७२१ ला ती फौज साताऱ्याकडून आली.

मग उणीव कोणती? आज्ञापत्रात एक नियम असा आहे की आरमाराला तनखा सरकारातून नेमून द्यावा; आरमाराचा खर्च समुद्रावरच्या मिळकतीवर सोडू नये. कारण पंत स्पष्ट सांगतात: तसे केले तर सावकारांना उपद्रव होतो, व्यापार मोडतो आणि बंदरे ओस पडतात. त्याच प्रकरणात गुराबी-गलबतांसाठी सागाचे लाकूड तोडावे, पण आंबा-फणस रयतेने लेकरासारखे वाढवलेले असतात, म्हणून ते मालकाला राजी करून, किंमत देऊनच घ्यावेत, असे बारीक दंडक आहेत. छावणीसाठी दरवर्षी वेगळे बंदर निवडावे, म्हणजे एकाच गावावर भार पडत नाही, हाही. आरमार हा राज्याचा अवयव, खजिन्याने पोसायचा आणि खजिन्याला जबाबदार, अशी ती कल्पना आहे. १७१४ च्या तहाने नेमके याच्या उलट झाले. किल्ले, मुलूख, दस्तकाची आमदनी आणि जहाजे, सगळे एका घराण्याच्या हाती एकत्र बांधले गेले. कान्होजी होते तोवर हे खपले, कारण त्यांच्यापाशी हातचे राखून वागण्याची समज होती. ४ जुलै १७२९ ला ते वारले तेव्हा आरमार अजिंक्य होते. पण पद व्यक्तीचे नसून वतन झाले, की ते मुलांमध्ये वाटले जाते. कान्होजींचे पुत्र सेखोजी १७३३ मध्ये गेले, आणि भावांच्या भांडणात कुलाबा मानाजींकडे, विजयदुर्ग संभाजी आंग्र्यांकडे अशी फाळणी झाली. एका आरमाराची दोन झाली. संभाजींनंतर आलेल्या तुळाजींनी पेशव्यांना जुमानले नाही, किनाऱ्यावरच्या मराठी प्रजेलाही त्यांचा जाच होऊ लागला.

यावर कोणी म्हणेल की हा दोष तुळाजींचा किंवा नानासाहेब पेशव्यांचा, कान्होजींच्या माथी का मारता? नानासाहेबांनी इंग्रजांना बोलावून मराठी आरमार बुडवले, हा त्यांच्यावरचा आरोप बहुतांशी खराच आहे. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला, १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. तुळाजींनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या एका जहाजाने पेट घेतला, आग शेजारी बांधलेल्या गुराबींना लागली, आणि कान्होजींनी उभे केलेले आरमार आपल्याच बंदरात जळून गेले. पण पेशव्यांपुढे असा प्रसंग उभाच का राहिला, हा प्रश्न उरतो. त्या जहाजांवर छत्रपतींच्या खजिन्याचा पैसा नव्हता, नेमणूक सातारच्या हातात नव्हती, हिशेब पुण्याला येत नव्हता. ज्या अवयवाला आपले रक्त जात नाही तो शरीराला परका वाटू लागतो. कान्होजींना चाचा म्हणणारे चुकले, कारण ते राज्याचे अधिकारी होते. आणि त्यांची चूकही तीच, की राज्याचे अधिकारपण त्यांनी घराण्याच्या मालकीत बदलून घेतले. ती त्यांच्या एकट्याची नव्हती. बाळाजी विश्वनाथांनी त्या घडीला हेच देऊ केले, कारण त्यांच्यापाशी दुसरे देण्यासारखे काही नव्हते. पुढे सगळी मराठेशाही याच रीतीने वाटली गेली.

करवीरकडे ग्रंथ राहिला, आरमारही थोडे राहिले. १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने वारणेच्या दक्षिणेचा मुलूख आणि साळशीपलीकडचे कोकण संभाजी महाराजांकडे आले. मालवणचा सिंधुदुर्ग करवीरच्या हाती होताच. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये पाया घातलेला हा किल्ला. त्यात राजाराम महाराजांनी उभारलेले शिवछत्रपतींचे मंदिर. मालवणच्या गलबतांनी कान्होजींचीच दस्तकाची रीत चालवली, आणि इंग्रजांच्या कागदांत त्यांनाही तेच नाव मिळाले: मालवणचे चाचे. किनारा तोच, रीत तीच, शब्दही तोच. फक्त आता सरखेल नव्हते आणि मागे पुरेसा खजिना नव्हता. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. करवीरचा कारभार पाहणाऱ्या जिजाबाईंनी पुढच्याच वर्षी तह करून, रक्कम मोजून तो सोडवला. त्यानंतरही जप्ती, तक्रार, दंड, तह असे चक्र चालत राहिले. १७९२ मध्ये आणखी एक तह झाला. १७१४ मध्ये कान्होजींनी ओळखलेली अडचण इथे पुन्हा पुढे आली. पटवर्धन, निपाणी, सावंतवाडी यांच्याशी सतत झगडणाऱ्या राज्याला घाटाखाली फौज ठेवणे झेपत नव्हते, आणि फौजेशिवाय आरमार टिकत नाही.

१ ऑक्टोबर १८१२ ला करवीर येथे तह झाला. इंग्रजांनी पेशव्यांपासून आणि पटवर्धनांपासून राज्याला संरक्षण द्यायचे, आणि त्या बदल्यात छत्रपतींनी मालवण बंदर, सिंधुदुर्ग आणि त्याच्या भोवतीचे पद्मगड, राजकोट, सर्जेकोट कायमचे सोडून द्यायचे. यापुढे करवीर राज्याने लढाऊ जहाजे ठेवू नयेत, असे कलमही त्यात होते. सिंधुदुर्गाचा पाया घातल्याला तेव्हा १४८ वर्षे झाली होती. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे, असे अमात्यांनी लिहिल्याला अजून शंभरही झाली नव्हती.